चावीची नळी गेली म्हणून अख्खं घड्याळ टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत मनगटी घड्याळांवर पानभर लेख आला होता, मी तो दोनदा वाचला. मशीनबद्दल छान लिहिलंय, काचेबद्दल लिहिलंय, पट्टा कोणता घ्यावा हे पण आहे, पण घड्याळात पाणी जाऊ नये यासाठी मात्र एकच ओळ, 'चावी नीट बंद ठेवा'. चावी बंद होते ती कशावर बंद होते, आणि ते जे काही आहे तेच बिघडलं तर काय करायचं, हे लेखात कुठेच नाही. माझं घड्याळ नेमकं तिथेच बिघडलं होतं आणि चांगलं चालणारं मशीन असून ते टाकून द्यायची वेळ आली होती, म्हणून हे पत्र. लांब झालंय. कापायचं असेल तर इतिहास कापा, दुरुस्तीचं कापू नका ही विनंती.

ज्याला आपण चावी म्हणतो, म्हणजे बाजूचं ते खाचा असलेलं गोल बटण, कारागीर त्याला क्राऊन म्हणतात. त्याच्यातून एक बारीक दांडी आत मशीनमध्ये जाते, ती स्टेम. स्टेम आत जायची म्हणजे केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला, भोक पाहिजे, आणि त्या भोकात एक छोटी नळी बसवलेली असते, साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीची, करंगळीच्या नखावर दोन मावतील एवढी. हीच क्राऊन ट्यूब. दांडी या नळीतून फिरते आणि चावी या नळीवर टोपणासारखी बसते. साध्या घड्याळात नळी बाहेरून गुळगुळीत असते आणि चावीच्या पोटातली रबराची रिंग तिला घट्ट धरून राहते. स्क्रूवाल्या चावीत बहुतेक वेळा नळीला बाहेरून आटे असतात, चावी आट्यावर फिरवत खाली नेली की तिच्या तळातलं गॅस्केट, म्हणजे रबराची रिंग, नळीच्या तोंडावर दाबलं जातं आणि पाण्याची वाट बंद. म्हणजे पाणी अडवतं रबर, पण रबराला दाबायला आधार देते ती नळी. नळी वाकली, चिरली, तिचे आटे गेले किंवा ती केसमध्येच हलायला लागली तर दहा नवीन रबरं घाला, काही उपयोग नाही. आणि तरी घड्याळाच्या काचेवर धुकं आलं की लोक आधी काच बदलतात, मग मागच्या झाकणाचं रबर बदलतात, नळीकडे सगळ्यात शेवटी बघतात, तोपर्यंत आत गंज चढलेला असतो.

मी टर्नर आहे, उभं आयुष्य लेथवर गेलं. आटे पाडणं, आटे साफ करणं, मोडलेला बोल्ट भोकातून काढणं हेच रोजचं काम. तरी घड्याळाच्या आट्यांनी मला शिकवलं ते कारखान्यात शिकलो नव्हतो.

माझं घड्याळ ऑटोमॅटिक, स्क्रूवाली चावी, मागे २०० मीटर कोरलेलं. तीस दिवसांचा महिना संपला की तारीख एक घर पुढे न्यावी लागते, तशी एकदा नेली, घड्याळ हातातच होतं, काढलं नाही, घाईत चावी परत बंद करायला लागलो आणि ती थोडी तिरकी धरली गेली. बोटाला करकर लागली. तिथेच थांबायला पाहिजे होतं. मला वाटलं कचरा असेल, अर्धा फेरा जोर लावला, आणि चावी जाम झाली. उलटी फिरवून सोडवली तर तिच्यासोबत आट्याचा केसासारखा बारीक तुकडा बाहेर आला. त्यानंतर चावी कधी बसायची कधी नाही, एक-दोन दिवसांनी आपोआप सुटून बाहेर यायची, कारण या चाव्यांच्या आत एक स्प्रिंग असते आणि ती चावीला सतत बाहेर ढकलत असते, आट्यांची पकड कमी झाली की स्प्रिंग जिंकते. मी तसंच वापरत राहिलो. मग एक दिवस हात धुतले, बाहेर आलो, काचेच्या आत धुकं. आतली हवा दमट झालेली असते, काच थंड पडली की त्या हवेतली वाफ काचेवर जमते. ते धुकं तासाभरात गेलं म्हणून मी निश्चिंत झालो ही दुसरी चूक, कारण धुकं दिसेनासं झालं म्हणजे पाणी बाहेर गेलं असं नसतं, ते आतल्या हवेतच असतं आणि मशीनचे चावीजवळचे जे लोखंडी पार्ट आहेत, म्हणजे दांडी, ती पकडणारा खटका, सरकणारं छोटं दातेरी चाक, ते सगळ्यात आधी गंजायला लागतात.

आता कारण सांगतो, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल. आजची चांगली घड्याळं स्टेनलेस स्टीलची असतात, बरीचशी ३१६एल नावाच्या स्टीलची. गंजायला हे स्टील चिवट, पण त्याला एक खोड आहे, स्टेनलेसवर स्टेनलेस दाबून घासलं की दोन्ही एकमेकांना धरतात, पृष्ठभाग फाटतो, फाटलेला कण पुढचा पृष्ठभाग फाडतो. कारखान्यात स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा चढवला की असाच जाम होतो, तो नंतर कापूनच काढावा लागतो. घड्याळाची चावी आणि नळी दोन्ही स्टेनलेस असतील तर हाच धोका, वरून घाम, मीठ, साबण, वाळूचा कण. आणि आटे किती बारीक, साधारण एका मिलिमीटरमध्ये तीन-चार. त्यातला पहिला आटा दबला की बाकी सगळ्यांची वाट लागते कारण चावी दरवेळी त्या पहिल्या आट्यावरूनच आत शिरते. हाताने चावी द्यायच्या घड्याळात हे रोज एकदा होतं, वर्षाला ३६५ वेळा. इटलीच्या पानेराईने १९५० च्या दशकात पाणबुड्या सैनिकांच्या घड्याळांना आट्यांऐवजी एक खटका लावला होता, खटका मिटला की तो चावीला नळीवर दाबून धरतो. मला तो उपाय फार आवडतो, आट्यांची झीजच नाही.

थोडा इतिहास सांगतो. आट्याने बंद होणाऱ्या चावीची कल्पना जुनी आहे पण ती लोकांपर्यंत नेली रोलेक्सने, १९२६ च्या ऑयस्टर घड्याळापासून. पुढच्या वर्षी, १९२७ च्या ऑक्टोबरात, मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहणारी पोहणारीण ते घड्याळ गळ्यात घालून पाण्यात उतरली. थंडीमुळे तिला ते पोहणं अर्धवट सोडावं लागलं, पण दहाएक तास पाण्यात राहूनसुद्धा घड्याळ चालू होतं. लेखांमध्ये ही गोष्ट नेहमी केसच्या कौतुकासाठी सांगतात. मला त्यात ती नळी दिसते. झाकण आणि काच एकदा बसवली की बसवली, हलत नाहीत. रोज उघडझाप होते ती फक्त चावीच्या जागी, म्हणून शंभर वर्षं झाली तरी पाणी शिरायची पहिली शंका तिथेच घ्यावी लागते.

तर मी घड्याळ घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, तिथल्या काउंटरवरच्या मुलाची काही चूक नव्हती, तो कॉम्प्युटरवर जे दिसत होतं ते सांगत होता. त्याने सांगितलं की ट्यूब वेगळी मिळत नाही, केसबरोबरच येते, केस पूर्ण बदलावी लागेल, आणि या मॉडेलची केस आता बनत नाही. म्हणजे काय करू विचारलं तर म्हणाला सर नवीन मॉडेल बघा. मशीन दिवसाला काही सेकंदांच्या फरकाने व्यवस्थित चालत होतं, काच स्वच्छ, डायलवर एक डाग नाही, आणि दोन-अडीच मिलिमीटरच्या नळीपायी ते संपलं असं मला सांगण्यात आलं. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. कारखान्यात एक स्टड तुटला म्हणून आम्ही अख्खं हाऊसिंग कधी फेकलं नाही.

घरी येऊन मी भिंग लावून बघितलं, दहापट मोठं दाखवणारं. चावी बाहेर ओढली, आणि नळी जिथे केसमध्ये शिरते तिथे एक बारीक काळी गोल रेघ स्वच्छ दिसत होती. रेघ दिसली म्हणजे तिथे जोड आहे. जोड आहे म्हणजे ती नळी केसबरोबर एकसंध बनलेली नाही, कोणीतरी ती बसवली आहे, आणि जे बसवलं ते काढता येतं. एवढ्यासाठी मी सगळ्यांना सांगतो की कोणी केस बदला म्हटलं तर आधी भिंगाने ती रेघ शोधा.

नळी बसवायच्या पद्धती मला आता माहीत झाल्यात त्या अशा. काही नळ्या आट्यावर केसमध्ये पिळून बसवलेल्या असतात, त्यातल्या काहींना आतून दाते पाडलेले असतात, त्या दात्यांत बसणारं खास टूल घालून नळी फिरवून काढता येते, रोलेक्सच्या नळ्या अशा असतात, म्हणून त्यांची नळी बदलणं हे रोजचं काम समजतात. काही नळ्या नुसत्या ठोकून म्हणजे दाबून बसवलेल्या असतात, भोकापेक्षा नळी एक-दोन शतांश मिलिमीटर जाड ठेवायची आणि प्रेसने आत सरकवायची, बेअरिंग बसवतो तसं. यात एक गोष्ट बघायची, काही नळ्यांना कॉलर, म्हणजे उठलेली कड, बाहेरच्या बाजूला असते आणि काहींना आतल्या, उलट्या दिशेने दाबली तर केसचं भोकच फाटायचं. जुन्या सोन्याच्या केसमध्ये नळी झाळून पक्की केलेली सापडते, तिथे मात्र ज्याला सोनारकाम येतं त्यानेच हात लावावा. आणि काही थोड्या केसमध्ये नळी खरोखर केसच्याच धातूतून कोरलेली असते, जोड नसतोच. पण अशा केसमध्येसुद्धा गेलेली नळी सपाट कापून, मध्ये भोक पाडून, तिथे नवीन नळी बसवता येते. जास्त काम आहे, अशक्य नाही.

मग मी स्वतः प्रयत्न केला आणि तो सांगायलाच पाहिजे, म्हणजे दुसरा कोणी करणार नाही. मला वाटलं पहिला आटाच फक्त दबलाय, तो उघडून दिला की झालं. त्रिकोणी सुईसारखी कानस येते ती घेतली आणि भिंगाखाली आटा साफ केला. चावी लगेच बसली, तीन फेरे गोड फिरली, मी खूश. आठवड्यात परत सुटली. कानशीने आट्याची जी थोडी उंची उरली होती तीही मी घालवली होती. मोठ्या बोल्टला एवढं चालतं, तिथे आट्यात मांस असतं, इथे दोन घास घेतले की आटाच शिल्लक राहत नाही. शिवाय ते कानशीचं पीठ, धातूची बारीक पूड, काही आत नळीतून खाली गेलं असणार, नशिबाने मशीनमध्ये पोचलं नाही. केस उघडून मशीन बाहेर काढल्याशिवाय नळीवर कसलंही काम करू नये, कानस नाही, ड्रिल नाही, साधा ब्रशसुद्धा नाही.

शेवटी एक कारागीर भेटला, वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. त्याने भिंग लावलं आणि पहिलं वाक्य बोलला, "काका, कानस कोणी मारली याच्यावर?" मी म्हटलं मीच. "मारायची नव्हती," एवढंच म्हणाला आणि परत बघायला लागला. मी विचारलं केस बदलावी लागेल का, तर मान हलवून नाही म्हणाला. मला तेव्हा बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. मी टर्नर आहे कळल्यावर त्याने मला शेजारी बसू दिलं, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मागचं झाकण उघडलं, खटका दाबून दांडी चावीसकट ओढून घेतली, मशीन डायल-काट्यांसकट बाहेर काढून डबीत झाकून ठेवलं. काच काढली कारण काचेखालचं प्लॅस्टिकचं गॅस्केट गरमीने जातं. आता नुसती केस. नळी आट्यावर बसवलेली आणि वरून चिकटवलेली होती, हवा लागली नाही की धातूच्या संपर्कात कडक होणारा चिकटपदार्थ असतो तो, कारखान्यात आम्ही नट सुटू नये म्हणून वापरायचो तोच प्रकार. तो गरम केला की सैल पडतो, म्हणून त्याने केस तापवली, मग नळीच्या भोकात एक निमुळतं चौकोनी धारेचं टूल रोवलं आणि हळूहळू उलटं फिरवलं. नळी अर्धा फेरा फिरली आणि मोडली. बाहेरचा भाग टूलबरोबर आला, आतला केसमध्ये राहिला. माझ्या कानशीने ती बाहेरून आधीच पातळ झालेली, तिथेच तुटली.

तो अजिबात घाबरला नाही. केस शिकंजात बसवली, दोन बाजूंना चामडं लावून, मोजून बरोबर मध्यावर आणि बरोबर काटकोनात, या एका गोष्टीवर त्याने जवळजवळ अर्धा तास घालवला. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म तेच आहे. भोक जराही तिरकं झालं तर नवीन नळी तिरकी बसणार, मग दांडी नळीच्या एका बाजूला घासणार, आणि चावी पहिल्या दिवसापासून तिरकी चढणार. मग नळीच्या आट्यांपेक्षा थोडं बारीक ड्रिल घेऊन हळू फिरवलं, कड्यासारखं पातळ कवच उरलं, ते सुईने आत दुमडून चिमट्याने उचललं. केसमधले आटे थोडे दुखावले होते, त्यामुळे तशीच आट्याची नळी परत बसवण्यात अर्थ नव्हता. त्याने पाच धारांच्या रीमरने, हाताने, मधे मधे मोजत, भोक गुळगुळीत केलं आणि दाबून बसणारी नळी निवडली. नळी निवडताना चार मापं घेतली, केसमध्ये जाणाऱ्या भागाची जाडी, बाहेरच्या आट्यांची जाडी, आतलं भोक आणि लांबी. यातलं एकही माप अंदाजे चालत नाही.

नवीन नळीबरोबर नवीन चावीसुद्धा घेतली. मी म्हटलं चावी तर चांगली दिसते, तर त्याने चावीच्या आतले आटे भिंगाखाली दाखवले, तिथेही पहिले दोन आटे फाटलेले. नवीन नळीवर जुनी फाटलेली चावी चढवली तर ती नवीन नळीला पण खाणार. हे दोन पार्ट जोडीनेच बदलायचे.

इथे तुरटीचं सांगून टाकतो कारण ही युक्ती घड्याळवाल्यांत फार जुनी आहे आणि अर्धवट ऐकून कोणी घात करून घेईल. साध्या स्टीलची दांडी पितळी चावीत मोडून अडकली तर ती चावी तुरटीच्या दाट गरम पाण्यात ठेवतात, तुरटी स्टील खाते आणि पितळ सोडून देते, काही तासांत दांडी विरघळून जाते. सुंदर युक्ती आहे. पण ती पितळ आणि सोन्यासाठी. स्टीलच्या केसमधली स्टेनलेस नळी काढायला कोणी तुरटी सुचवली तर करू नका, नळी विरघळणार नाही आणि केसचं पॉलिश मात्र जाऊ शकतं.

नळी प्रेसने दाबून बसवली, बाजूला तोच चिकटपदार्थ अगदी सुईच्या टोकावर मावेल एवढा, आणि केस चोवीस तास हात न लावता ठेवली. दुसऱ्या दिवशी दांडीचं काम. नवीन चावी, नवीन नळी म्हटल्यावर जुन्या दांडीची लांबी जुळत नाही, नवीन दांडी लांबच येते आणि कापत कापत बसवायची असते. तिचे चावीत जाणारे आटे बऱ्याच मशीनमध्ये ०.९० मिलिमीटरचे असतात, डोळ्याला आटे आहेत हेसुद्धा नीट दिसत नाही. लांब राहिली तर चावी बंद करताना दांडी मशीनवर दाब टाकते, आखूड पडली तर चावी नळीवर आधीच टेकते आणि दांडी आत पूर्ण बसत नाही. कापलेलं परत वाढत नाही, म्हणून तो एका वेळी अगदी जराशी कापायचा, कड घासायचा, बसवून बघायचा, परत काढायचा. सहा-सात वेळा केलं असेल. मी आयुष्यभर मापात काम केलं पण इतक्या शांतपणे एवढं छोटं काम करणारा माणूस कमी बघितला, आणि अशा माणसांवर वर्तमानपत्रात फारसं काही येत नाही याचं वाईट वाटतं.

नंतर टेस्ट. याबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत म्हणून थोडं सविस्तर. घड्याळावर लिहिलेले मीटर हे नव्या घड्याळाबद्दल, प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाबद्दल असतात. १० मीटर म्हणजे साधारण १ बार दाब. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे आणि डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५, त्यात लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाब देऊन तपासतात आणि चावीवर बाजूने जोर देऊनही बघतात, म्हणजे मानक लिहिणाऱ्यांनाही माहीत आहे कमकुवत जागा कोणती ते. आमच्या कारागिराने मशीन न घालता नुसती केस तपासली, हे महत्त्वाचं. बंद काचेच्या भांड्यात केस पाण्याच्या वर लटकवायची, हवेचा दाब वाढवायचा, थोडा वेळ थांबायचं, जर कुठे फट असेल तर हवा आत शिरते. मग केस पाण्यात बुडवायची आणि दाब हळूहळू कमी करायचा, आत शिरलेली हवा फटीतून बुडबुड्यांची माळ काढत बाहेर येते. बुडबुडे दिसले तर दाब पूर्ण उतरायच्या आत केस पाण्यातून वर घ्यायची, नाहीतर पाणी आत जातं. पहिल्या वेळी नळीच्या बुडाशी एक बुडबुडा चिकटून राहिला, मला वाटलं गेलं सगळं, पण तो बाहेरूनच अडकलेला हवेचा थेंब होता, ब्रशने पुसून परत केलं तेव्हा काहीच आलं नाही. मग मशीन घातलं.

आता मी घड्याळ कसं वापरतो ते सांगतो, ज्याला पटेल त्याने करावं. वेळ किंवा तारीख लावायची तर घड्याळ हातातून काढतो, कारण मनगटावर असताना चावी सरळ ओढली जात नाही, तिरकी ओढली जाते आणि सगळा भार नळीवर येतो. बंद करताना चावी आधी हलके दाबून उलटी, म्हणजे सोडायच्या दिशेने फिरवतो, आट्याची सुरुवात जुळली की बोटाला बारीक टक् असं जाणवतं, मग सुलटी फिरवतो. हे मी अप्रेंटिसना बोल्टसाठी शिकवायचो, घड्याळावर मात्र वापरलं नव्हतं. करकर लागली की थांबायचं, उघडायचं, पुसायचं. शेवटी पिळायचं नाही, चावी थांबली की थांबायचं, जास्त पिळल्याने जास्त वॉटरप्रूफ होत नाही, गॅस्केट चेपून कायमचं बसतं. खाऱ्या पाण्यात गेलं तर चावी बंद ठेवूनच गोड्या पाण्याने धुवायचं. दोन-तीन वर्षांनी गॅस्केट बदलून सिलिकॉन ग्रीसचा हलका हात. क्वार्ट्झ घड्याळाला पण हेच सगळं लागू आहे, बॅटरी बदलली जाते आणि चावीचं रबर वर्षानुवर्षं तेच राहतं. आणि चावी केसपासून थोडी उचललेली दिसली, दोन्ही बाजूंनी डुगडुगली, पूर्वी तीन फेरे घ्यायची ती आता एकातच थांबली, तर त्या दिवसापासून पाण्यापासून लांब. धुकं एकदाच जरी दिसलं तरी त्याच दिवशी उघडायला द्या, खारं पाणी गेलं असेल तर तासांचा प्रश्न असतो.

कंपन्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की नळी आणि चावी ही झिजणारी जोडी आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, मग ती जोडी सुट्या पार्टच्या यादीत ठेवा आणि मापं जाहीर करा. केस बंद झाली तरी नळी बंद व्हायचं काही कारण नाही, ती एक टप्पे असलेली छोटी नळी आहे, चांगल्या छोट्या लेथवर स्टेनलेसच्या सळईतून काढता येते. मी स्वतः त्यानंतर दोन काढून बघितल्या, पहिली आट्यांत बिघडली, दुसरी जमली. काउंटरवर 'ट्यूब मिळत नाही' हे उत्तर देणाऱ्यांनी निदान 'आमच्याकडे मिळत नाही, बाहेर होऊ शकेल' एवढं तरी सांगावं. आणि जे दुरुस्त करून देतात त्यांनी गिऱ्हाइकाला जुनी नळी परत द्यावी, बिलावर कोणती नळी बसवली आणि किती बारला तपासलं ते लिहावं. माझ्याकडे माझी मोडलेली नळी कागदाच्या पुडीत आहे, दोन तुकडे.

घड्याळ हातात आहे, नळी बदलून दोन पावसाळे झाले, काचेवर धुकं आलेलं नाही. पोहायला मी ते नेत नाही.

सोबत नळीचं आडवं छेद-चित्र हाताने काढून पाठवतोय, नळी, चावी, दांडी आणि गॅस्केट वेगळ्या रेघांत दाखवलंय, मापं सगळी मिलिमीटरमध्ये आहेत. पुरवणीत जागा असेल तर पत्राचं काही कापा पण चित्र छापा, आणि छापताना लहान करू नका, गॅस्केटची रेघ दिसेनाशी होते.

आपला,
एक जुना टर्नर आणि तुमचा रोजचा वाचक